मेनफ्रेम असेंब्लर: एका कॉलमधली माहिती पुढच्या कॉलपर्यंत कशी टिकवावी

सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडून पुण्यात किंवा हैदराबादेत मेनफ्रेमच्या कामावर रुजू होणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीला कोबॉल, जेसीएल आणि डीबी-टू शिकवले जाते. असेंब्लरशी गाठ बहुधा एखादे जुने सब-रुटीन बदलण्याची वेळ येते तेव्हाच पडते, आणि तोवर ते लिहिणारा माणूस निवृत्त झालेला असतो. अशा सब-रुटीनमध्ये सर्वाधिक गोंधळ ज्या एका गोष्टीवरून होतो, ती म्हणजे एका कॉलमध्ये तयार केलेली माहिती पुढच्या कॉलच्या वेळी जशीच्या तशी हाताशी असणे. हा लेख त्याबद्दल आहे. वाचकाला कोबॉल येते आणि असेंब्लरच्या मूलभूत सूचना ठाऊक आहेत, असे गृहीत धरले आहे.

उदाहरण आपल्या भागातले घेऊ. एका कोबॉल बॅच प्रोग्रामला प्रत्येक ग्राहकाच्या पत्त्यातील पिनकोडवरून जिल्हा हवा आहे. पहिले तीन अंक पाहून जिल्हा ठरवावा असे कोणालाही वाटेल. पण ४१३००१ सोलापूर, ४१३३०४ पंढरपूर आणि ४१३४०१ बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातले असले, तरी ४१३१०२ हा बारामतीचा, म्हणजे पुणे जिल्ह्यातला पिनकोड आहे, ४१३५०१ धाराशिवचा, ४१३५१२ लातूरचा आणि ४१३७०१ श्रीगोंद्याचा आहे. एकाच ४१३ मध्ये पाच जिल्हे येतात, त्यामुळे तक्त्याला पर्याय नाही. देशभरात पिनकोड सुमारे १९ हजार आहेत. प्रत्येक नोंदीला पिनकोडसाठी ४ बाइट आणि जिल्ह्याच्या नावासाठी २८ बाइट, असे ३२ बाइट धरले आणि २० हजार नोंदींची सोय ठेवली, तर तक्ता ६,४०,००० बाइटांचा होतो. तो फाइलमधून एकदाच वाचून क्रमाने ठेवला की द्विभाजन शोधात जास्तीत जास्त १५ तुलनांत उत्तर मिळते. मात्र सब-रुटीन लाखो वेळा बोलावले जाणार असेल आणि प्रत्येक वेळी फाइल उघडून तक्ता नव्याने भरत असेल, तर रात्रीचा जॉब सकाळपर्यंत संपणार नाही. म्हणून तक्ता टिकला पाहिजे.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. टिकणारी जागा कोणाच्या मालकीची, हा पहिला. आणि पुढच्या कॉलला त्या जागेचा पत्ता कुठून मिळणार, हा दुसरा. जागा मिळवणे एका मॅक्रोचे काम आहे. खरी कसोटी पत्ता जपण्यात आहे, आणि पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

सी-सेक्टमधली जागा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रोग्रामच्या सी-सेक्टमध्येच, म्हणजे कोडच्या स्वतःच्या विभागातच, डीसी किंवा डीएस देऊन जागा राखणे, पहिल्या कॉलची खूण म्हणून एक बाइटाचा फ्लॅग ठेवणे आणि तो शून्य असेल तेव्हा तक्ता भरणे. जुन्या प्रोग्राममध्ये हेच दिसते, आणि एकच टास्क असलेल्या बॅच जॉबमध्ये मॉड्यूल मेमरीत टिकून राहत असेल तोवर ते चालतेही. कोबॉलचा डायनॅमिक कॉल मॉड्यूल एकदा लोड करतो आणि कॅन्सल होईपर्यंत तेच वापरतो. पण लिंक मॅक्रोने बोलावलेले मॉड्यूल परतल्यावर त्याचा वापर-गणक कमी होतो, आणि पुढच्या वेळी कदाचित नवी प्रत येते. नव्या प्रतीत फ्लॅग पुन्हा शून्य असतो.

त्याहून फसवी गोष्ट रेंट या गुणधर्माची आहे. मॉड्यूल री-एंट्रंट आहे, म्हणजे स्वतःत काहीही न बदलता ते अनेकांना एकाच वेळी वापरता येते, असे तो सांगतो. लिंक करताना मॉड्यूलवर रेंटचा शिक्का मारला, पण आतला कोड स्वतःच्या सी-सेक्टमध्ये लिहीत राहिला, तर मॉड्यूल अनधिकृत लायब्ररीतून लोड झाल्यास ते सबपूल २५१ मध्ये (सबपूल म्हणजे मेमरीचा क्रमांकित गट) जॉबच्याच कीने, म्हणजे मेमरी-संरक्षणाच्या क्रमांकाने, बसते आणि लिहिणे बिनतक्रार पार पडते. तेच मॉड्यूल एपीएफ-अधिकृत, म्हणजे व्यवस्थेने विश्वासाच्या ठरवलेल्या, लायब्ररीतून आले की सबपूल २५२ मध्ये की ० ने बसते, आणि पहिल्याच लेखनाला एस०सी४, म्हणजे मेमरीच्या मनाई असलेल्या वापरामुळे जॉब पाडणारी चूक, येतो. चाचणीत महिनोन्‌महिने चाललेला प्रोग्राम प्रॉडक्शनमध्ये पहिल्या रात्री पडतो, याचे कारण अनेकदा एवढेच असते. असेंब्लरचा रेंट पर्याय किंवा आर-सेक्ट काही उघड चुका दाखवतो, पण रजिस्टरमार्फत होणारे लेखन त्याला दिसत नाही. त्यामुळे इशारा आला नाही याचा अर्थ कोड री-एंट्रंट आहे असा होत नाही.

वेगाचाही मुद्दा आहे. आजच्या झेड प्रोसेसरची कॅश-ओळ २५६ बाइटांची असते. सूचनांच्या शेजारीच, त्याच ओळीत, वारंवार लिहिले तर प्रोसेसरला ती ओळ सूचनांच्या कॅशमधून काढून पुन्हा आणावी लागते. जुने सब-रुटीन अकारण संथ वाटत असेल, तर सेव्ह एरिया (रजिस्टरे जपून ठेवण्याची जागा) आणि गणक कोडच्या किती जवळ आहेत हे आधी पाहावे. नव्या कोडमध्ये सी-सेक्टमधली बदलती जागा वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा मिळवणे आणि तिची मालकी

जागा स्टोरेज ऑब्टेन या मॅक्रोने मिळवावी. जुन्या कोडमध्ये गेटमेन दिसेल. लांबी, सबपूल आणि लोकेशन या तीन गोष्टी विचारपूर्वक द्याव्या लागतात. लोकेशन ३१ दिले तर जागा १६ मेगाबाइटच्या रेषेच्या वर मिळू शकते, आणि आपल्या तक्त्यासाठी तीच योग्य आहे, कारण रेषेखालची जागा अजूनही तुटपुंजी असते. कंडिशन यस दिल्यास जागा न मिळाल्यावर एस८७८ ने जॉब पडत नाही, तर रजिस्टर १५ मध्ये शून्येतर रिटर्न कोड येतो, आणि कॉलरला नीट निरोप देता येतो.

सबपूल म्हणजे मालकी. सामान्य प्रोग्रामसाठी ० ते १२७ हे सबपूल खुले आहेत आणि त्यांतील जागा टास्कला बांधलेली असते; टास्क संपला की व्यवस्था ती काढून घेते. सबपूल ० सर्वसाधारणपणे अटॅच केलेल्या सबटास्कशी सामायिक असतो, त्यामुळे सबटास्कने त्यातून घेतलेली जागा त्या सबटास्कनंतरही उरते. अटॅच करताना एसझीरो नो दिले असेल तर मात्र तसे होत नाही. याउलट सबटास्कने, समजा, सबपूल ५ मधून जागा घेतली आणि तो सबपूल सामायिक केलेला नसेल, तर सबटास्क संपताच जागा जाते, पण तिचा पत्ता दुसऱ्या कोणाकडे शिल्लक राहू शकतो. तो पत्ता वापरणारा प्रोग्राम कधी पडेल, कधी चुकीचे उत्तर देईल. दोन्हींत दुसरे जास्त वाईट.

मिळालेली जागा शून्यांनी भरलेली असेल असे धरून चालू नये. एमव्हीसीएलने ती स्वतः साफ करावी; एका सूचनेत १६ मेगाबाइटपर्यंतची लांबी भागते, त्यामुळे आपल्या तक्त्याला ती पुरेशी आहे.

पत्ता कॉलरकडे ठेवावा

माझ्या मते उत्तम पद्धत ही की पत्ता कॉलरनेच सांभाळावा. कोबॉल प्रोग्राम चार बाइटांचे एक क्षेत्र, म्हणजे हँडल, शून्य मूल्याने राखतो आणि प्रत्येक कॉलमध्ये ते पॅरामीटर म्हणून देतो. सब-रुटीनला त्यात शून्य दिसले तर हा पहिला कॉल. शून्य नसेल तर तो आपल्या कंट्रोल ब्लॉकचा, म्हणजे टिकवायची माहिती असलेल्या जागेचा, पत्ता. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखाच हा व्यवहार आहे: स्टँडवाला कोणाचा चेहरा लक्षात ठेवत नाही, बिल्ला ज्याच्या हाती त्याच्याच चपला. याचा एक मोठा फायदा असा, की एकाच जॉबमधल्या दोन प्रोग्रामना दोन वेगवेगळे तक्ते हवे असतील, तर दोघांकडे आपापले हँडल असते आणि सब-रुटीनमध्ये काहीही बदलावे लागत नाही.

कंट्रोल ब्लॉकची मांडणी डी-सेक्टने, म्हणजे जागा न घेता केवळ क्षेत्रांचे ऑफसेट ठरवणाऱ्या नकाशाने, करावी. सुरुवातीच्या ८ बाइटांत ओळखीची अक्षरे ठेवावीत. ऑफसेट ८ वर ब्लॉकची लांबी, १२ वर आवृत्ती आणि फ्लॅग, १६ वर तक्त्याचा पत्ता, २० वर नोंदींची संख्या, २४ वर कॉलांचा गणक, आणि २८ वरचा शब्द राखीव. ३२ पासून ७२ बाइटांचा सेव्ह एरिया आणि १०४ पासून पुढे कामचलाऊ जागा. तक्ता स्वतंत्र घ्यावा, कारण एका बेस रजिस्टरने १२ बिटांच्या विस्थापनात ४०९६ बाइटच गाठता येतात, आणि ब्लॉक छोटा राहिला की सर्व क्षेत्रे एका बेसखाली येतात.

सेव्ह एरिया टिकणाऱ्या ब्लॉकमध्येच ठेवण्यामागे हेतू आहे. री-एंट्रंट सब-रुटीनला प्रत्येक प्रवेशाला सेव्ह एरियासाठी जागा घ्यावी आणि परतताना सोडावी लागते. लाखो कॉलांत हा खर्च मूळ शोधापेक्षा जास्त होऊ शकतो. ब्लॉक टिकणारच असेल, तर सेव्ह एरियाही त्यातच टिकवता येतो. अट एकच, की त्याच हँडलने सब-रुटीन स्वतःलाच पुन्हा बोलावणार नाही आणि दोन टास्क एकाच वेळी तेच हँडल वापरणार नाहीत.

आता प्रवेशाचा क्रम पाहू. प्रथम एसटीएमने रजिस्टर १४ पासून १२ पर्यंतची सर्व रजिस्टरे कॉलरच्या सेव्ह एरियात ऑफसेट १२ पासून जपावीत आणि बेस रजिस्टर स्थापावे. त्यानंतर लगेच रजिस्टर १, म्हणजे पॅरामीटर यादीचा पत्ता, रजिस्टर २ सारख्या सुरक्षित ठिकाणी हलवावा. हे पाऊल क्षुल्लक वाटते, पण स्टोरेज ऑब्टेन मॅक्रो रजिस्टर ०, १, १४ आणि १५ स्वतःसाठी वापरतो. रजिस्टर १ हलवले नाही, तर पहिल्या कॉलनंतर पॅरामीटरांचा पत्ताच हरवतो. नंतर यादीतून हँडलच्या क्षेत्राचा पत्ता आणि त्यातून हँडलचे मूल्य आणावे, आणि एलटीआरने ते शून्य आहे का हे पाहावे.

शून्य असेल तर ब्लॉकसाठी जागा घ्यावी, रिटर्न कोड तपासावा, जागा साफ करावी, ओळखीची अक्षरे आणि लांबी लिहावी. मग सेव्ह एरियांची साखळी जोडावी: कॉलरच्या सेव्ह एरियाचा पत्ता आपल्या सेव्ह एरियाच्या ऑफसेट ४ वर, आपला पत्ता कॉलरच्या ऑफसेट ८ वर, आणि त्यानंतर रजिस्टर १३ आपल्याकडे. यानंतरच तक्त्यासाठी जागा घेऊन फाइल उघडावी, वाचावी आणि बंद करावी. हँडलच्या क्षेत्रात पत्ता लिहिण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे. मध्येच फाइल उघडली नाही किंवा नोंदी क्रमाने नसल्या, तर घेतलेली सर्व जागा सोडून द्यावी आणि हँडल शून्यच ठेवून रिटर्न कोड ८ द्यावा. अर्धवट तयार झालेल्या ब्लॉकचा पत्ता कॉलरच्या हाती पडला, तर पुढचा कॉल तो पूर्ण समजून वापरेल.

हँडल शून्य नसेल तर आधी ओळखीची आठ अक्षरे तपासावीत, आणि जुळली तरच साखळी जोडून कामाला लागावे. एका सीएलसीचा खर्च नगण्य असतो, पण कॉलरने पॅरामीटरांचा क्रम चुकवला असेल तर तीच सूचना आपल्याला दुसऱ्याच्या डेटावर लिहिण्यापासून वाचवते. हँडलमध्ये अगदीच भलता आकडा आला तर ही तुलनाच एस०सी४ देईल; पण तो अगदी प्रवेशाशीच येईल आणि डम्पमध्ये कारण शोधायला फार फिरावे लागणार नाही. परतताना रजिस्टर १३ मागच्या सेव्ह एरियावर न्यावे, बाकीची रजिस्टरे पूर्ववत करावीत, रजिस्टर १५ मध्ये रिटर्न कोड ठेवावा आणि रजिस्टर १४ वर जावे.

कोबॉलच्या बाजूला हँडल वर्किंग-स्टोरेजमध्ये असले पाहिजे. लोकल-स्टोरेज प्रत्येक कॉलला नव्याने सुरू होते, म्हणून हँडल तिथे ठेवल्यास दरवेळी पहिला कॉल होत राहील, जागा गळत राहील, आणि काही वेळाने एस८७८ येईल. कॉलर स्वतःच उपप्रोग्राम असून इनिशियल गुणधर्माचा असेल, किंवा त्याला वरचा प्रोग्राम कॅन्सल करत असेल, तरीही तेच होईल; कारण कॅन्सलने वर्किंग-स्टोरेज मूळ मूल्यावर जाते, पण आपण घेतलेली जागा मात्र तशीच राहते. हँडल संख्यात्मक क्षेत्र म्हणून एखाद्या गटाच्या आत ठेवले असेल, तर त्या गटावरची इनिशियलाइझ आज्ञा ते शून्य करून टाकते. म्हणून हँडल ०१ पातळीवर एकटेच ठेवावे.

कॉलर बदलता येत नसेल तर

अनेकदा सब-रुटीनला दोनच पॅरामीटर असतात, त्याला बोलावणारे शेकडो प्रोग्राम असतात आणि ते सगळे बदलायला कोणी परवानगी देत नाही. अशा वेळी पत्ता व्यवस्थेकडे ठेवावा लागतो. झेड-ओएसमध्ये त्यासाठी नेम-टोकन सेवा आहे. आयईएएनटीसीआर जोडी तयार करते, आयईएएनटीआरटी शोधून देते, आयईएएनटीडीएल काढून टाकते. नाव १६ बाइटांचे आणि टोकनही १६ बाइटांचे असते. टोकनमध्ये ब्लॉकचा पत्ता ठेवला तरी १२ बाइट उरतात, आणि त्यांत आवृत्ती किंवा लांबी ठेवता येते. पातळी १ टास्कची, २ होम अ‍ॅड्रेस स्पेसची, ३ प्रायमरीची आणि ४ संपूर्ण सिस्टिमची. आपल्या कामाला टास्क पातळी बहुतेक वेळा पुरते, आणि टास्क संपल्यावर जोडी आपोआप जाते. नावाच्या सुरुवातीला ए ते आय ही इंग्रजी अक्षरे टाळावीत, कारण ती आयबीएमच्या स्वतःच्या नावांसाठी आहेत.

शोध घेताना रिटर्न कोड ४ आला तर नाव सापडले नाही, म्हणजेच हा पहिला कॉल. अडचण अशी की या सेवेला बोलावतानाच रजिस्टर १३ मध्ये ७२ बाइटांचा सेव्ह एरिया द्यावा लागतो, आणि आपला सेव्ह एरिया तर त्या ब्लॉकमध्ये आहे ज्याचा पत्ता अजून मिळायचा आहे. त्यामुळे प्रत्येक प्रवेशाला आधी थोडी तात्पुरती जागा घेणे आले, आणि वर म्हटलेली बचत हातची जाते. म्हणून शक्य असेल तिथे हँडलच वापरावे, आणि नेम-टोकन जुन्या कॉलरांसाठी राखावे. टीसीबी-युजर हा टीसीबीमधला (टास्कच्या कंट्रोल ब्लॉकमधला) एक शब्द वापरून हे काम झटपट उरकणारे कोडही दिसते. पण तो शब्द एकच आहे आणि त्यावर दुसऱ्या कोणाचाही दावा असू शकतो, म्हणून नव्या कामात तो टाळावा.

सब-रुटीन लँग्वेज एन्व्हायर्नमेंटला (कोबॉलसारख्या भाषांच्या सामायिक रन-टाइम व्यवस्थेला) अनुसरून, सीईई-एंट्री मॅक्रो आणि मेन नो या पर्यायासह लिहिलेले असेल, तर मार्ग अधिक सुटसुटीत होतो. सीईई-एंट्रीने मिळणारी ऑटोमॅटिक जागा त्या एका कॉलपुरतीच असते. टिकणारी जागा सीईईजीटीएसटीने हीपमधून, हीप क्रमांक ० देऊन घ्यावी. ती एन्क्लेव्ह, म्हणजे मुख्य प्रोग्राम आणि त्याचे उपप्रोग्राम यांचा संच, संपेपर्यंत राहते. पत्ता ठेवण्यासाठी सीईई३यूएसआर ही सेवा एन्क्लेव्हमागे चार बाइटांची दोन क्षेत्रे देते. दोनच असल्यामुळे ती कोण वापरणार हे आपल्या विभागात आधी ठरवून घ्यावे.

सीआयसीएसखाली, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या व्यवस्थेखाली, हे सगळे बाजूला ठेवावे. तिथे थेट स्टोरेज ऑब्टेन करू नये. डीएफएचईआयएसटीजी ही सीआयसीएसने दिलेली कामाची जागा प्रत्येक प्रवेशापुरती असते, आणि टिकणाऱ्या गोष्टींसाठी कॉम-एरिया, चॅनेल किंवा सीआयसीएसचेच शेअर्ड गेटमेन वापरावे.

सामायिक वापर आणि शेवटचा कॉल

एकच ब्लॉक अनेक सबटास्क वापरणार असतील, तर तक्ता केवळ वाचायचा असल्याने त्याला धोका नाही, पण कॉलांचा गणक चुकेल. गणक वाढवताना जुने मूल्य आणून, त्यात एक मिळवून, सीएस (जुने मूल्य जुळले तरच लिहिणाऱ्या) सूचनेने लिहावे, आणि ती जुळली नाही तर नव्या मूल्यावरून पुन्हा प्रयत्न करावा. २०१० च्या झेड-१९६ पासून एलएए ही सूचना हेच एका झटक्यात करते. सेव्ह एरिया मात्र अशा वेळी ब्लॉकमध्ये ठेवता येत नाही. तो प्रत्येक टास्कचा वेगळा हवा.

बॅचमध्ये जॉब संपताच जागा परत जाते, म्हणून अनेक जण ती सोडण्याचा कोड लिहीतच नाहीत. तरीही एक कार्य-संकेत शेवटच्या कॉलसाठी राखावा, कारण आज बॅचमध्ये असलेले सब-रुटीन उद्या आठवडाभर चालणाऱ्या सर्व्हर टास्कमध्ये जाऊ शकते. शेवटच्या कॉलला आधी कॉलरचे हँडल शून्य करावे, रजिस्टर १३ कॉलरच्या सेव्ह एरियावर परत न्यावे, ओळखीची अक्षरे पुसावीत आणि मग स्टोरेज रिलीज करावे. ज्या जागेत आपण उभे आहोत ती सोडल्यानंतर तिच्यातले काहीही वाचू नये. लांबी आणि सबपूल घेतानाचेच द्यावे लागतात; लांबी ब्लॉकमध्ये लिहून ठेवली ती यासाठीच, कारण पुढच्या आवृत्तीत ब्लॉक मोठा झाला तरी जुना ब्लॉक जुन्याच लांबीने सोडता येतो.

सराव कुठे करावा

घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस एम्युलेटर आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे चालवून सेव्ह एरिया, हँडल आणि डी-सेक्ट यांचा उत्तम सराव होतो. मात्र तिथला असेंब्लर आयएफओएक्स०० आहे, पत्ते २४ बिटांचेच आहेत, आणि स्टोरेज मॅक्रो किंवा नेम-टोकन सेवा तिथे नाही. म्हणून गेटमेन आणि फ्रीमेन वापरावे लागतात. खऱ्या झेड-ओएसवर हात बसवायचा असेल तर आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा मोफत उपक्रम घरूनच करता येतो. कुठेही असला तरी पहिल्या प्रयोगात तक्ता भरून झाल्यावर मुद्दाम शून्य-सूचना टाकून एस०सी१ (अमान्य सूचनेची चूक) घडवावा आणि डम्पमध्ये रजिस्टर १३ पासून साखळीने मागे जाऊन आपली आठ अक्षरे, लांबी आणि गणक शोधावेत. सोलापूरसाठी ४१३००१ हा पिनकोड शोधत असताना पडलेल्या डम्पमध्ये त्याचे हेक्स रूप ०००६४डी४९ असे दिसेल.